150 चौरस मीटरची जोखीम

मागच्या गणपतीत गावी गेलो होतो. रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "दिवाळीनंतर वरचा स्लॅब टाकून घेऊ. मिस्त्री तयार आहे." आमचं घर मंचर आणि घोडेगावच्या मधल्या पट्ट्यात, रस्त्याला लागून. खालचा मजला 2009 मध्ये झाला, वरचा 2016 मध्ये, आणि गच्चीवर कॉलमच्या सळया तेव्हापासून उभ्या आहेत. तुमच्याही गावात असतील. टोकाला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या खोचलेल्या, मध्ये तार बांधून कपडे वाळत घातलेले. मी विचारलं, "परवानगीचं काय?" अण्णा हसले. "आता लागत नाही. सरकारनेच काढून टाकली. छोट्या घराला काय धोका असणार?"

त्या रात्री झोप येईना म्हणून मी फोनवर नियमावली उघडली. झोप आणायला तिच्यासारखं दुसरं काही नाही असा माझा समज होता. तो चुकला. पुढचे दोन महिने मी लोकलमध्ये, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, शिवाजीनगरच्या स्टँडवर मंचरच्या गाडीची वाट बघताना तीच पीडीएफ वाचत होतो. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे.

पुस्तकाचं नाव लांबलचक आहे: एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली. बांधकामाच्या धंद्यातले लोक यूडीसीपीआर म्हणतात. राज्य सरकारने ती डिसेंबर 2020 मध्ये मंजूर केली. त्याआधी दर शहराची आपली वेगळी नियमावली होती. पुण्यात एक, नाशकात दुसरी, छोट्या नगरपरिषदांना तिसरी. आता मुंबई महापालिका, एमआयडीसी आणि असे काही मोजके भाग सोडले तर सगळ्या महाराष्ट्राला हे एकच पुस्तक लागू आहे. साहित्याच्या पानावर अशा पुस्तकाचं परीक्षण कशाला, असं कुणी विचारेल. माझं उत्तर साधं आहे. तुम्ही आत्ता जिथे बसून हे वाचताय ती खोली किती रुंद असावी, खिडकी केवढी असावी, जिना किती फुटी असावा, हे या पुस्तकाने किंवा याच्या आधीच्या एखाद्या भावंडाने ठरवलंय. ज्या पुस्तकाच्या आत आपण राहतो ते एकदा तरी वाचून बघायला हरकत नसावी.

वाचायला बसलं की पहिल्यांदा लक्षात येतं ते हे, की या पुस्तकाला एक नायक आहे आणि त्याचं नाव एफएसआय. चटई क्षेत्र निर्देशांक. जमिनीच्या किती पट बांधता येईल, हा आकडा. तो मूळचा किती, पैसे भरून किती वाढतो, टीडीआरने किती वाढतो, राहत्या इमारतीला त्यावर 60 टक्के पूरक क्षेत्र आणि बिगर-राहत्या इमारतीला 80 टक्के. मग 'पी-लाइन' नावाची एक रेषा येते. तिच्या आतलं सगळं बांधकाम मोजायचं, बाल्कनी असो की भिंतीची जाडी. ही कल्पना मला मनापासून आवडली. आधी काय मोजायचं आणि काय सोडायचं यावरच निम्मे वाद आणि निम्मी पाकिटं चालायची. इथे लेखकाने एका फटक्यात ते बंद करायचा प्रयत्न केलाय. एखादा किचकट फंक्शन कुणीतरी नीट रिफॅक्टर करावा तसं वाटतं. या भागात लेखकाची भाषा नेमकी आहे, तक्ते भरगच्च आहेत, अपवादांचेही अपवाद लिहिलेले आहेत. आपल्या नायकावर त्याचं प्रेम आहे, हे दर पानावर जाणवतं.

इमारत उभी कशी राहते याबद्दल मात्र तो घाईत असतो. तिथे भाषा बदलते. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार असावं, भारतीय मानकांनुसार असावं, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र जोडावं, आणि पुढच्या प्रकरणाकडे. नियमाच्या दृष्टीने हे चूक नाही. सळई कशी बांधायची हे सांगायला वेगळी मानकं आहेतच, आणि तीच पुन्हा इथे छापायची गरजही नाही. पण कुठल्या विषयावर लेखक रेंगाळतो आणि कुठला उरकतो यावरून त्याच्या डोक्यात काय आहे ते कळतं, एवढं वाङ्मयसमीक्षेने आपल्याला शिकवलंय. शीर्षकातच बघा. नियंत्रण आणि प्रोत्साहन. प्रोत्साहन कशाला? विकासाला. सुरक्षिततेला प्रोत्साहन देणारं काही असतं, म्हणजे चांगलं बांधलं तर कर कमी, तपासणी करून घेतली तर शुल्क माफ, तर शीर्षकाचा अर्थ बदलला असता.

आता अण्णांचं वाक्य. छोट्या घराला काय धोका? ते त्यांनी मनाने रचलेलं नाही. ते थेट या पुस्तकातून, ग्रामपंचायत आणि व्हॉट्सअ‍ॅप अशा मार्गाने, आमच्या ताटापर्यंत आलंय. नियमावलीत 'जोखमीवर आधारित' परवानगीची पद्धत आहे. प्लॉट 150 चौरस मीटरपर्यंत असेल तर जोखीम कमी: अटी पाळून नकाशा आणि शुल्क भरा, पावती हीच परवानगी. 150 ते 300 असेल तर जोखीम मध्यम: परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टने कागद द्यायचे, 10 दिवसांत परवानगी. त्यापुढचे नेहमीच्या रस्त्याने. ग्रामविकास खात्यानेही 2021 मध्ये गावांसाठी याच धाटणीची सवलत जाहीर केली, सुमारे 3200 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना नगररचना विभागाकडे जायची गरज नाही. आमचा प्लॉट 130 चौरस मीटरचा. म्हणजे पुस्तकाच्या मते आम्ही कमी जोखमीचे.

मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. जोखीम चौरस मीटरमध्ये मोजलीय. सॉफ्टवेअरमध्ये ही चूक आम्ही रोज करतो. जे मोजायचंय ते अवघड असतं, म्हणून शेजारचं सोपं काहीतरी मोजतो आणि त्याला मूळचं नाव देऊन टाकतो. प्रोग्रामरने किती काम केलं हे कळत नाही, मग त्याने किती ओळी लिहिल्या ते मोजा. जागेचं क्षेत्रफळ उताऱ्यावर छापलेलं असतं, ते कुणीही वाचू शकतं. मातीची जात, सळईचा व्यास, वरच्या डोंगराचा उतार हे उताऱ्यावर नसतं. खरं तर 150 चौरस मीटरने एकच गोष्ट कळते: काही झालं तर साधारण किती माणसं आत असतील. तीही एकाच घराची. जोखीम म्हणजे कमी माणसं मरतील, असं लेखकाला म्हणायचं नसणार. पण लिहिलंय त्याचा अर्थ तोच निघतो.

ही खंत मला कदाचित वाटली नसती, जर मी आंबेगाव तालुक्यातला नसतो.

30 जुलै 2014 ला मी अकरावी-बारावीच्या वयाचा होतो. सकाळी माळीणच्या दिशेने गेलेल्या एसटीच्या चालकाला नेहमीचं गाव दिसेना, आणि त्याच्यामुळे बातमी बाहेर पडली. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या डोंगररांगेत, बुब्रा नदीच्या काठचं गाव. बहुतेक वस्ती महादेव कोळ्यांची. डोंगराची कड रात्रभरच्या पावसाने सुटली आणि चाळीसहून अधिक घरांवर आली. 151 माणसं गेली. शाळेची इमारत वाचली. आमच्या कॉलेजातून मुलं कपडे, भांडी, तांदूळ घेऊन घोडेगावपर्यंत गेली होती, त्यात मी होतो. पुढे जाऊ देत नव्हते, आणि खरं सांगायचं तर पुढे जायची माझी हिंमतही नव्हती.

माळीणमधली घरं केवढी होती? मातीची, विटांची, कौलाची, पत्र्याची. यूडीसीपीआरच्या तक्त्यात टाकली तर जवळजवळ सगळी कमी जोखमीची. हा युक्तिवाद थोडा अन्यायाचा आहे हे मला कळतं. नियमावली 2020 ची, दुर्घटना 2014 ची, आणि गावठाण त्याहून कितीतरी जुनं. शिवाय हे घर पडण्याचं प्रकरण नव्हतं, डोंगर पडण्याचं होतं. पण माळीणनंतर सहा वर्षांनी याच राज्याने लिहिलेलं हे पुस्तक आहे. म्हणून ते उताराबद्दल काय म्हणतं हे मी मुद्दाम शोधलं.

म्हणतं, काहीतरी म्हणतं. जागा डोंगराळ असेल आणि उतार 1:5 पेक्षा जास्त असेल तर ती बांधकामाला अपात्र. पाच पावलं पुढे गेल्यावर एक पाऊल वर, म्हणजे साधारण 11 अंश. चांगला नियम आहे, स्पष्ट आहे, आणि पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर त्याचा उपयोगही होतो. फक्त तो तुमच्या जागेचा उतार विचारतो. तुमच्या डोक्यावरच्या जागेचा विचारत नाही. गावं सहसा सपाटीलाच बसतात. माणूस घरासाठी त्यातल्या त्यात सपाट तुकडा निवडतो, आणि कोसळणारा डोंगर दुसऱ्याच गट नंबरवर असतो. पुस्तकाचं एकक प्लॉट आहे. चार रेषांच्या आत जे काही आहे ते या लेखकाला लख्ख दिसतं, आणि रेषेबाहेरून काही चालत येऊ शकतं ही शक्यता त्याच्या व्याकरणातच बसत नाही. पाणी, माती, शेजारच्याने खणलेला पाया, वरच्या शेतात जेसीबीने केलेलं सपाटीकरण. माळीणनंतर पडकईच्या कामांकडे बोट दाखवलं गेलं, त्यावर वादही झाले. मला त्या वादात शिरायचं नाही. पण तो वाद ज्या भाषेत होऊ शकतो ती भाषा या पुस्तकात नाही, एवढंच म्हणायचंय.

याद्या होतात. माळीणनंतर पुणे जिल्ह्यातल्या दरडप्रवण गावांची यादी झाली. पावसाळा आला की ती बाहेर काढतात, नोटिसा जातात. 22 जुलै 2021 ला महाडजवळच्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी गेली, आणि ती वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती असं सरकारनेच सांगितलं.

माळीणचं दुसरं प्रकरण जास्त शिकवणारं आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. गाव जवळच आमड्याला पुन्हा वसवलं. सत्तरेक घरं, काँक्रीटची, भूकंपाचा विचार करून बांधलेली, रस्ते, शाळा, दिवे. 2 एप्रिल 2017 ला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते लोकार्पण झालं. त्याच वर्षी जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि नव्या गावात जमीन खचली, रस्त्यांना भेगा गेल्या, भराव सरकला. तीन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढून आलेली माणसं पुन्हा घराबाहेर उभी होती. नंतर दुरुस्त्या झाल्या, लोक राहतायत.

मी दोनदा तिथे जाऊन आलो. घर म्हणून बघाल तर तिथलं घर माझ्या गावच्या घरापेक्षा नक्कीच चांगलं बांधलंय. गोची घराखाली आहे. उतारावर वसाहत बसवायची तर एका बाजूचा डोंगर कापायचा आणि ती माती दुसऱ्या बाजूला भरायची, म्हणजे पायरी तयार होते. कापलेला भाग टणक असतो, भरलेला भाग भुसभुशीत. भराव थोडाथोडा टाकून, प्रत्येक थरावर रोलर फिरवून दाबावा लागतो. वरून येणारं पाणी अडवून बाजूने काढून द्यावं लागतं. संरक्षक भिंतीच्या मागे पाणी साठू नये म्हणून तिला भोकं ठेवावी लागतात. यातलं काहीही लोकार्पणाच्या फोटोत दिसत नाही. घराला रंग दिसतो. आणि भराव किती बसेल हे एक पावसाळा गेल्याशिवाय कुणालाच कळत नाही, पण एप्रिलमध्ये पावसाळा नसतो.

इथे माझ्या पापाची कबुली द्यायला हवी. डिग्रीनंतरच्या पहिल्या नोकरीत मी अशा एका टीममध्ये होतो जी बांधकामाचे नकाशे आपोआप तपासणारं सॉफ्टवेअर करत होती. आर्किटेक्ट ठरलेल्या लेअरवर नकाशा काढतो, फाइल अपलोड करतो, आणि प्रोग्राम मोजतो: बाजूचं अंतर बरोबर आहे का, बाथरूम किती फुटी, पार्किंग किती गाड्यांचं. माझं काम टेस्ट लिहिण्याचं. स्ट्रक्चरसाठी एकच टेस्ट होती. प्रमाणपत्राची पीडीएफ जोडलीय की नाही. एकदा मी गंमत म्हणून कॅन्टीनच्या बिलाची पीडीएफ जोडली, आणि हिरवी खूण आली. टीममध्ये सगळे हसले, मीही हसलो. बग म्हणून नोंदवला, तर उत्तर आलं की फाइलच्या आत काय आहे ते तपासणं आमच्या कक्षेत नाही. ते बरोबरच होतं. सॉफ्टवेअर मूळ पुस्तकाशी प्रामाणिक होतं. पुस्तक जिथे रेंगाळलं तिथे आमचा कोड हजारो ओळींचा होता, आणि पुस्तकाने जिथे उरकलं तिथे आम्हीही एका चेकबॉक्सवर उरकलं.

प्रत्यक्ष जागेवरही असंच. बांधकामाच्या वाटेवर पुस्तक दोन ठिकाणी थांबतं. जोतं झालं की जोते तपासणी, आणि सगळं झालं की भोगवटा प्रमाणपत्र. जोतं का तपासायचं? कारण जोत्यावरून हद्द कळते, सोडलेलं अंतर कळतं. इमारत रेषेत आहे ना, ते कळतं. भोगवट्याच्या वेळी नकाशाबाहेर काही बांधलं नाही ना, ते कळतं. या दोन थांब्यांच्या मध्ये सळया बांधल्या जातात, रिंगा घातल्या जातात, सेंट्रिंग लागतं, आणि एका दिवसात काँक्रीट ओतून सगळं कायमचं झाकलं जातं. स्लॅब टाकायच्या आदल्या संध्याकाळी सगळं उघडं असतं. त्या एका संध्याकाळी तिथे कोण येऊन बघतो, हा माझ्या मते सगळ्या पुस्तकातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. पुस्तकाचं उत्तर: इंजिनिअर, आणि तो तसं लिहून देईल. आमच्याकडचं उत्तर: सेंट्रिंगवाला, नारळ आणि पेढे.

फ्रान्चेस्को रोझी या इटालियन दिग्दर्शकाचा 1963 चा एक सिनेमा आहे, नेपल्स शहरात एक इमारत कोसळते तिथून सुरू होणारा. चौकशी समिती नगरपालिकेच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते आणि प्रत्येक टेबलावर तिला सांगितलं जातं की आमचे कागद अगदी व्यवस्थित आहेत. आणि ते खरोखर व्यवस्थित असतात. आपल्याकडे या विषयावरची गोष्ट सांगताना बिल्डर, नगरसेवक आणि पाकीट एवढंच येतं. कागद व्यवस्थित असूनही इमारत पडते ही जास्त भीतीदायक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ठाण्याजवळ शीळफाट्याला 4 एप्रिल 2013 ला 74 माणसं मेली ती इमारत वनखात्याच्या जमिनीवर, परवानगीशिवाय, काही आठवड्यांत उभी केलेली. तिथे खलनायक शोधावा लागत नाही. पण महाडची तारिक गार्डन घ्या. 24 ऑगस्ट 2020, 16 मृत्यू, इमारत दहा वर्षांचीही नव्हती. गुन्हा दाखल झाला त्यात बिल्डरबरोबर आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि नगरपरिषदेतले अधिकारीही होते. म्हणजे सही करायला माणसं होती, सहीचे रकाने होते. आणि 25 जुलै 2017 ला घाटकोपरमध्ये 17 माणसं गेली ती तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांनंतर, इमारत झाल्यावर कितीतरी वर्षांनी. भोगवटा प्रमाणपत्राच्या पुढे जे आयुष्य असतं त्याबद्दल पुस्तक फारच थोडं बोलतं. महापालिकांच्या कायद्यात 30 वर्षांहून जुन्या इमारतींच्या तपासणीचं कलम आहे. आमच्या गावात त्याचं नावही कुणी ऐकलेलं नाही.

आता दुसरी बाजू, कारण इथे मी लेखकावर थोडा अन्याय करतोय. परवानगीची अट काढली ती उगाच काढलेली नाही. छोट्या घरासाठी तालुक्याला आणि जिल्ह्याला किती खेटे घालावे लागायचे ते अण्णांना विचारा. 2009 मध्ये त्यांनी घातले होते. आठ-अ, मोजणी, नकाशा, पुन्हा नकाशा, 'साहेब मीटिंगला गेलेत'. त्या सगळ्या खेट्यांमध्ये एकाही माणसाने कॉलममध्ये किती सळया आहेत हे विचारलं नाही. मग तो जाच काढून टाकला तर सुरक्षितता कमी झाली असं कसं म्हणणार? जे नव्हतंच ते गेलं. माझा एक मित्र एका नगरपरिषदेत अभियंता आहे. बांधकाम परवाने, अतिक्रमण, पावसाळी गटारं, मांडवांच्या परवानग्या, निवडणुकीची ड्युटी, हे सगळं त्याच्याकडेच. तो म्हणतो, "मी रोज एक साइट बघायला निघालो तर परवाने कोण देणार? आणि मी टेप घेऊन जातो रे. सळई मोजायला मला कोण बोलावतो?" त्याला मी दोष देऊ शकत नाही. वाईट एवढंच झालं की 'परवाना नको' हे वाक्य गावात येईपर्यंत 'नियम नको' असं झालं. परवाना सुटला तरी मानकं सुटत नाहीत, जबाबदारी घरमालकावर आणि त्याच्या इंजिनिअरवर येते, हे पुस्तकात आहे. पण माझ्या फोनमधली प्रत इंग्रजीत आहे, आणि अण्णांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली बातमी तीन ओळींची.

जुन्नर इथून तासाभरावर. शाळेच्या सहली तिकडेच जायच्या, शिवनेरी आणि लेण्याद्री. त्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वीची कोरीव लेणी आहेत आणि कुणी काय दिलं त्याचे शिलालेख. इरिल नावाच्या यवनाने शिवनेरीत दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी दिली. मानमोडीत चंद नावाच्या दुसऱ्या यवनाने दर्शनी भाग दिला. कोणता तुकडा कुणाचा, हे दगडातच लिहिलेलं. आमच्याकडे बांधकाम चालू असताना मालक, आर्किटेक्ट, इंजिनिअर यांच्या नावांचा फलक लावायचा नियम आहे. काम संपलं की तो फलक गोठ्याला आडोसा म्हणून जातो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव जिन्याखाली दगडावर कोरून ठेवायची सक्ती केली तर प्रमाणपत्रं जरा कमी सढळपणे वाटली जातील, असं मला वाटतं. वेडेपणा असेल. पण खर्च फारसा नाही.

तर घर. मी हिशेब करून अण्णांना दाखवला. 1000 चौरस फुटांचा 5 इंची स्लॅब म्हणजे जवळजवळ 12 घनमीटर काँक्रीट, आणि वजन 30 टनांच्या आसपास. "कांद्याच्या 600 पिशव्या," मी म्हणालो, "पन्नास-पन्नास किलोच्या." भिंती, फरशी, माणसं, पाण्याची टाकी धरली तर तिप्पट. मंचरच्या बाजारात कांदा घालणाऱ्या माणसाला टन कळतात. अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण कॉलम दणकट आहेत."

कॉलम 9 बाय 9 चे आहेत. आत काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण कागद नव्हताच. 2009 ची मंजूर फाइल मिळाली, तिच्यात खोल्यांची मापं होती, दारं-खिडक्या होत्या, संडासाचा खड्डा होता. सळईचा उल्लेख नव्हता. मग आईला आठवलं की ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी तळमजला बांधला ते नारायणगावच्या बाजूला मुलाकडे असतात. मी आणि अण्णा गेलो. मिस्त्रींना नीट ऐकू येत नाही. पण त्यांनी ट्रंकेतून खिशात मावणाऱ्या डायऱ्यांचा गठ्ठा काढला, बी-बियाण्यांच्या दुकानात फुकट मिळतात तसल्या, आणि अर्ध्या तासात आमचं पान काढून दिलं. पेन्सिलीने लिहिलेलं. फुटिंग 4 फूट, खाली मुरूम लागला. कॉलम 9×9, 12 च्या 4 सळ्या. रिंग 8 इंचावर. सिमेंट किती पोती, वाळू किती ब्रास. शेवटी: मालक म्हणाले पुढे एक मजला, त्याप्रमाणे.

पुण्याहून एक स्ट्रक्चरल इंजिनिअर बाई आल्या होत्या, मित्राच्या ओळखीच्या. त्यांनी हॅमरने काँक्रीट ठोकून बघितलं, एका कॉलमचं प्लास्टर थोडं फोडलं, आणि डायरीतलं पान बराच वेळ वाचत बसल्या. रिंगा बरोबर 8 इंचावर निघाल्या. "माणूस खरा आहे," त्या म्हणाल्या. मग सांगितलं की 12 च्या सळईला रिंगांमधलं अंतर मानकाप्रमाणे 192 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि 8 इंच म्हणजे 203. रिंगांची टोकं काटकोनात वाकवलीत, भूकंपात ती उघडतात. 135 अंशात आत वळवलेली हवीत. 2016 च्या भूकंप संहितेच्या नकाशात पुणे जिल्हा झोन 3 मध्ये आहे. पुढे एक मजला असं ठरलं होतं आणि तो एक मजला तुम्ही 2016 मध्येच बांधून घेतलाय. आणखी स्लॅब हवा असेल तर पाया उघडून बघावा लागेल आणि कॉलमना जॅकेट घालावं लागेल. नाहीतर लोखंडी सांगाडा आणि वर पत्रा, तो चालेल.

जॅकेटिंगचा खर्च ऐकून अण्णा म्हणाले, एवढ्यात नवीन घर होईल. ते खरं नाही, पण फार खोटंही नाही. पत्रा त्यांना नको आहे. चुलतभावाने गेल्या वर्षी तिसरा मजला बांधला, त्याचे कॉलम आमच्यासारखेच आहेत, आणि त्याच्या घरात गणपतीला सगळे जमले तेव्हा अण्णा तिथेच होते. "त्याचं काही झालं नाही," ते म्हणतात. मी म्हणतो की अजून झालं नाही. हे संभाषण फोनवर आठवड्यातून एकदा होतं.

दिवाळी होऊन गेली. स्लॅब पडलेला नाही, रद्दही झालेला नाही, आणि नव्या मिस्त्रीला दिलेला ॲडव्हान्स अण्णांनी परत मागितलेला नाही. म्हाताऱ्या मिस्त्रींच्या पानाची मात्र त्यांनी मंचरला जाऊन झेरॉक्स काढली, लॅमिनेट केली, आणि आठ-अ आणि वीजबिलं ज्या फाइलमध्ये आहेत तिच्यात सगळ्यात वर लावलीय.